मध मुरलेली गादी

मध माझा होता, बाटली माझी होती आणि झाकण लावणारे हातही माझेच होते. तेव्हा या गोष्टीत अस्वल आलं ते माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर बेकरीवाल्या ताई सांगतील, आणि त्या जरा फुगवून सांगतात. पाव फुगवायची सवय.

झालं असं की आम्ही आठ-दहाजण मोटरसायकलींवरून लांबच्या सहलीला निघालो होतो. डोंगर सुरू होण्याआधी एका टपरीवर रानातला मध मिळाला. मी सगळ्यांत मोठी बाटली घेतली. माझ्या पेटीत जागा नव्हती. बायकोने ‘असू द्या’ म्हणून दिलेले स्वेटर तिथे मुक्कामाला होते. म्हणून शेजारच्या गाडीला मागे बांधलेल्या पिशवीत ती बाटली मी सारून दिली. आडवी. दिवसभर ऊन आणि खड्डे, खड्डे आणि ऊन. संध्याकाळी मुक्कामावर त्या गाडीचा मालक उतरायला गेला. तो उठला, पण पँट बसून राहिली.

पिशवीतून निघालेला मध गादीच्या शिवणीशिवणीतून आत मुरला होता. त्या दिवसापासून सगळे मला मधुकर म्हणायला लागले. अजून म्हणतात.

गाडीचे मालक म्हणजे चुळबुळे.

हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. हा माणूस एका जागी बसलेला कोणी पाहिलेला नाही. चहा चालताना पितात. वर्तमानपत्र उभ्याने, भिंतीला धरून वाचतात. आमच्या गटाचा कुठलाही फोटो काढा, सगळे स्पष्ट आणि एकजण धुरकट. तो धूर म्हणजे चुळबुळे. गंमत म्हणजे धंदा गाद्यांचा. मोटरसायकलीच्या गाद्या शिवण्यात आमच्या शहरात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. गटातल्या प्रत्येकाच्या बुडाखाली त्यांचीच गादी. आम्ही दिवसभर गाडी चालवून उतरलो तरी ताजे असतो ते त्यांच्या कृपेने. ते स्वतः मात्र गाडीवर बसले की दर दोन मिनिटांनी डावीकडे कलायचे, मग उजवीकडे, मग पायांवर उभे राहायचे. मागून येणाऱ्याला वाटावं, आता हे वळणार. ते वळत नसत. नुसतं बूड बदलत.

गटाने यावर विचार करून निष्कर्ष काढला: मूळव्याध.

“डॉक्टर, तुम्ही बोला ना त्यांच्याशी,” ताई आमच्या कॅप्टनला म्हणाल्या. कॅप्टन म्हणजे दातांचे डॉक्टर. सहलीचा नकाशा त्यांचा, शिस्त त्यांची, शिट्टी त्यांची.

“माझं खातं वरचं,” कॅप्टन म्हणाले. “खालच्याला वेगळा माणूस असतो.”

मग ज्याने त्याने आपापले उपाय सुचवले. चुळबुळे सगळ्यांना ‘बरं, बरं’ म्हणाले आणि दुसऱ्या पायावर गेले.

खरं कारण काय असेल याचा एक धागा माझ्याकडे होता. निघायच्या सकाळी त्यांच्या बायकोने मला जिन्यात गाठलं होतं. वर चुळबुळे हेल्मेट शोधत या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. हेल्मेट डोक्यावरच होतं.

“भाऊजी, एक काम करा,” त्या हळूच म्हणाल्या. “वाटेत दादांचं गाव लागतं. यांना तिथे थांबवा. दुकानाच्या दारात नेऊन उभं करा. नाहीतर हे पुढून निघून जातील आणि परत आल्यावर महिनाभर मला घरात भिंगरीसारखे फिरून दाखवतील.”

“बोलत नाहीत ना एकमेकांशी?”

“कित्येक वर्षं. आता वहिनींचा फोन आला होता, दादा दुकान बंद करतायत. म्हणे आता हात कापतो. एकदा ते शटर पडलं की संपलं. यांना घरी जायला जमणार नाही, पण दुकानात माणूस कसाही जाऊ शकतो. गिऱ्हाईक म्हणून तरी.”

दादा म्हणजे चुळबुळ्यांचा थोरला भाऊ. दोघांनी मिळून दुकान काढलं होतं. दादा माप घ्यायचे, हे शिवायचे. आता गादीला माप कसलं, असं मलाही वाटलं होतं. पण चुळबुळ्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा कळलं. गाडीवर कच्चा फोम ठेवून गिऱ्हाईकाला वर बसवतात आणि मागे उभं राहून खडूने रेघ मारतात. रेघ मारायची ती तो खरा बसला की. माणसाला माप घेणार म्हटलं की तो छाती काढून, पाठ ताठ करून, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखा बसतो. ते बसणं नव्हे. दादा म्हणे गिऱ्हाईकाला बोलण्यात गुंतवायचे. मुलांच्या शाळेबद्दल विचारायचे, सासऱ्याबद्दल विचारायचे. सासऱ्याचा विषय निघाला की माणूस हळूहळू सैल होतो, आपल्या नेहमीच्या बाजूला कलतो, आणि त्याच क्षणी मागून खडू फिरायचा. गिऱ्हाईकाला पत्ताही लागायचा नाही.

धाकट्याला हे वेळखाऊ वाटायला लागलं. तरुण होता, पायाला चाकं होती. बाजारात तयार गाद्या आल्या होत्या, एकाच मापाच्या, सगळ्यांना चालणाऱ्या. एक दिवस गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, बूड ते बूड. त्यात काय एवढं बघायचं?”

दादांनी हातातला खडू खिशात घातला आणि दुकानातून बाहेर पडले. ते दूरच्या त्या गावात जाऊन स्थिरावले. इकडे तयार गाद्यांचा धंदा वर्षभरात आपटला. लोक पाठ धरून परत यायला लागले. चुळबुळे मुकाट्याने स्वतःच दादांसारखा खडू घेऊन उभे राहिले. त्यांचा खडूही आता दादांच्या खडूइतकाच सफाईदार फिरतो म्हणतात. पण भावाला पत्र नाही, फोन नाही. आधी रागाने नाही, मग लाजेने नाही, आणि मग नुसतंच नाही.

या सहलीची नावनोंदणी सुरू झाली तेव्हा चुळबुळ्यांनी कॅप्टनना पहिला प्रश्न विचारला, “त्या गावात थांबणार का?” कॅप्टन म्हणाले, थांबू की. दुसऱ्या दिवशी चुळबुळे परत दवाखान्यात. “थांबायलाच हवं असं काही नाही.” तिसऱ्या वेळी गेले तेव्हा कॅप्टन कोणाच्या तरी दाढेत होते. ते म्हणाले, “चुळबुळे, एक तर थांबू किंवा नाही थांबणार. तुम्ही काय ते ठरवून सांगा.” ते काही ठरलं नाही. निघालो तरी ठरलं नव्हतं. गाव जसजसं जवळ येत होतं तसतशी त्यांची डावी-उजवी वाढत होती. पहिल्या दिवशी दर दोन मिनिटांनी बूड बदलणारा माणूस मधाच्या आदल्या दिवसापर्यंत घड्याळाच्या लंबकासारखा झाला होता.

मधाच्या संध्याकाळी आम्ही गरम पाण्याची भांडीच्या भांडी त्या गादीवर ओतली. वरचा मध गेला. आतला म्हणाला, मी इथे बरा आहे.

“माफ करा हो,” मी दहाव्यांदा म्हणालो.

“असू द्या, मधुकरराव,” चुळबुळे म्हणाले. “मी तरी कुठे तिच्यावर बसतो?” मग माझा फाटलेला हातमोजा मागून घेतला, जाकिटाच्या कॉलरमध्ये खोचलेली वाकडी सुई काढली, आणि मुक्कामाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालता घालता तो शिवून दिला. चालता चालता सुई चालवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. शिवून झाल्यावर सुई परत कॉलरमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटमाथ्यावर पोचलो. त्या बाजूला उतरलं की दादांचं गाव. वर वारा असा की हेल्मेटमध्ये शिरून आपल्याशी बोलत होता. रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायला मोकळी जागा आणि प्रवाशांसाठी चारी बाजूंनी काचा लावलेली एक खोली होती. आत दोन बाकं आणि एक बंद पडलेलं चहाचं यंत्र. आम्ही गाड्या ओळीने लावून आत शिरलो. सगळे बाकांवर दाटीवाटीने बसले. चुळबुळे अर्थातच काचेपाशी उभे.

“आलं,” ते एकदम म्हणाले.

“कोण आलं?” ताईंनी विचारलं.

“गिऱ्हाईक.”

आम्ही उठून पाहिलं तर झाडीतून एक अस्वल बाहेर येत होतं. घाई नाही, गडबड नाही, सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखं. नाक वर करून त्याने वारा हुंगला आणि थेट आमच्या गाड्यांकडे वळलं.

कॅप्टननी या विषयावर निघण्यापूर्वी आमचा वर्ग घेतला होता. पळायचं नाही, ओरडायचं नाही, वगैरे. आता ते स्वतः चहाच्या यंत्राला पाठ लावून उभे होते. “कोणीही हलू नका,” ते पुटपुटले, आणि सगळ्यांनी एकदम चुळबुळ्यांकडे पाहिलं.

कारण हलू नका हे सांगणं सोपं, पण न हलणं ज्याला जमतच नाही तो माणूस आमच्यातच होता. ताईंनी त्यांच्या जाकिटाची मागची बाजू मुठीत धरली. एखाद्याने पतंग धरावा तशी.

अस्वलाने पहिली गाडी हुंगली, ती माझी. माझ्या स्वेटरांमध्ये त्याला काही रस वाटला नाही. मग पुढची. मग तिसऱ्या गाडीपाशी येऊन ते थांबलं, जीभ काढली, आणि चुळबुळ्यांची गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटली. एकदा. मग डोळे मिटून पुन्हा एकदा. माझ्या मधाचं याहून मोठं कौतुक आजवर झालेलं नाही.

“वरचा संपला की आतला शोधणार,” ताई म्हणाल्या.

तसंच झालं. अस्वलाने मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही पंजे गादीवर ठेवले आणि खाली ओढले. शिवण उसवली तो आवाज काचेतूनही ऐकू आला. चुळबुळ्यांचा एक पाय दाराकडे निघाला.

“काका!” ताईंनी जाकीट खेचलं. “गादी दुसरी होईल. तुम्ही दुसरे कुठून आणायचे?”

“अहो पण ते शिवण उलटी ओढतंय!”

“मग बाहेर जाऊन शिकवणार का त्याला?”

अस्वलाने तोंड उघडून फोमचा मोठा लचका तोडला. कॅप्टनच्या तोंडून आपोआप निघालं, “दात चांगले राखलेत.” इतक्या भीतीतही आम्ही हसलो. हसताना आवाज होऊ नये म्हणून एकमेकांच्या खांद्यात तोंडं खुपसली.

गाडी एका बाजूला कलंडली. अस्वलाने उरलासुरला फोम जमिनीवर ओढून घेतला, त्यावर ऐसपैस बैठक मारली आणि मांडीत एक तुकडा धरून तो सावकाश चोखायला लागलं. आम्ही आत घामाघूम. बाहेर ते असं बसलेलं, जणू जगात कोणाला कुठे जायचंच नाही.

तेवढ्यात माझं लक्ष चुळबुळ्यांकडे गेलं. हातपाय गप्प. नजर अस्वलाच्या बुडावर.

“बघा,” ते कुजबुजले. “बसलं. कसं बसलंय बघा. असं बसता आलं पाहिजे.”

मग घाटातून एक ट्रक भोंगा वाजवत वर आला. अस्वलाने तोंडातला तुकडा न सोडता त्याच्याकडे नाराजीने पाहिलं, उठलं, आणि आलं तसं झाडीत गेलं.

आम्ही बराच वेळ थांबून बाहेर आलो. गाडी उभी केली. एक आरसा सोडला तर तिला काही झालं नव्हतं. गादीचं मात्र फक्त खालचं पत्र्याचं ताट उरलं होतं आणि त्याला लोंबणाऱ्या कातड्याच्या चिंध्या. सगळे कामाला लागले. कोणी फोमचे तुकडे वेचले, कोणी दोरी काढली. ताई म्हणाल्या, “चला काका, तुमचा तर हातचा मळ. हे तुकडे भरा, चार टाके घाला, की निघालो.”

“सुई मोडली,” चुळबुळे म्हणाले.

मी त्यांच्या कॉलरकडे पाहिलं. कॉलरमध्ये सुई नव्हती. काल शिवताना तर धडधाकट होती. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत मिटलं.

“मग खालच्या गावात करून घेऊ,” कॅप्टन म्हणाले. “तिथे गादीवाला असेल?”

“आहे एक,” चुळबुळेच म्हणाले, आणि गाडीला किक मारायला वळले.

मागे बसा, गाडी कोणीतरी आणेल, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. पूर्ण घाट ते उभ्याने उतरले. पत्र्याच्या ताटाच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून उभे, जाकीट फुगलेलं, समोरून येणारे लोक हात हलवतायत. त्यांना वाटत होतं हा कसरतवाला आहे. मी त्यांच्या मागे होतो. जिन्यातलं काम माझ्याकडे होतं.

गावाची पहिली घरं दिसली तसे ते थांबले. साखळी सैल वाटते म्हणाले. साखळी ठीक होती. दोन वळणांवर पुन्हा थांबले. चाकात हवा कमी आहे. हवा होती. चौकाच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबले आणि आता सांगायला काही उरलं नाही.

“मधुकरराव, पुढच्या गावात करू या,” ते म्हणाले. “इथला माणूस जरा तऱ्हेवाईक आहे.”

“पुढच्या गावापर्यंत उभ्याने?”

“सवय आहे मला.”

“ते काही नाही. मध माझा होता. मधाने झालेलं नुकसान, तेव्हा दुकान मी निवडणार.”

“असा कुठे नियम असतो?”

“आत्ता केला.”

ते रस्त्याकडे बघत राहिले. एकदा इंजिनाचा आवाज वाढवला, एकदा कमी केला. पुढचा रस्ता सरळ गावाबाहेर जात होता. मग त्यांनी हॅन्डल डावीकडे वळवलं. या सहलीत ते डावीकडे कलले आणि खरोखर डावीकडे वळले, असं पहिल्यांदाच झालं.

अरुंद दुकान. शटर अर्धं खाली. आत खोकी बांधून ठेवलेली, शिलाईयंत्रावर जुनी चादर टाकलेली. एक वयस्क गृहस्थ वाकून फोमचे तुकडे पोत्यात भरत होते. चष्मा कपाळावर. चुळबुळ्यांसारखंच नाक, फक्त अधिक पिकलेलं. आम्ही गादीचे अवशेष त्यांच्या समोरच्या मेजावर ठेवले. चुळबुळे दारातच, एक पाय आत आणि एक बाहेर.

दादांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. चष्मा खाली ओढून कातड्याची एक चिंधी हातात घेतली. हात खरोखर थोडा कापत होता.

“कोणी केलं?”

“अस्वलाने,” चुळबुळे म्हणाले.

“फाडलं अस्वलाने. ते दिसतंय. शिवलं कोणी?”

“मी.”

“तरीच. डाव्या बाजूला दोन बोटं फोम जास्त आहे. इतकी वर्षं यावर बसतोस?”

“बसत नाही.”

“कसा बसशील?” दादांनी चिंधी खाली टाकली. “त्यापेक्षा अस्वलाला कळलं. त्याने बरोबर ती बाजू आधी काढलीये.”

आतून वहिनी डोकावल्या. त्यांनी दिराला पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि चहा टाकायला गेल्या. चहाच्या भांड्याचा नको इतका मोठा आवाज आला.

दादा यंत्रावरची चादर काढत होते. “गाडी आत घे,” ते म्हणाले. मग एका खोक्याची दोरी सोडून फोमचा जाड तुकडा काढला, ताटावर ठेवला. “बस.”

चुळबुळे बसले. पाठ ताठ. मग डावीकडे, मग उजवीकडे. पाय खाली, पाय वर. मला बघवेना. मी दारातल्या खुर्चीवर बसलो. दादा त्यांच्या मागे जाऊन नुसते उभे राहिले.

“आई गेली तेव्हा आला नाहीस,” दादा म्हणाले.

चुळबुळे दगडासारखे ताठ झाले. “आलो होतो. कोपऱ्यापर्यंत.”

दादांनी चष्मा सारखा केला. मग दुसऱ्याच आवाजात म्हणाले, “बरं, अस्वल केवढं होतं?”

“मोठं होतं.”

“म्हणजे केवढं? वासराएवढं?”

“वासरू कसलं दादा, या तुझ्या मेजाएवढं! आणि चाल कशी, एकदम साहेबासारखी. आधी यांची गाडी हुंगली, यांचे ते स्वेटर. मग माझ्याकडे आलं. अशी जीभ, दादा, हातभर! आणि शिवण कुठून उसवायची ते त्याला कळलं बघ. मी आतून म्हणतोय, अरे उलटी ओढू नको, उलटी ओढू नको, आणि ही बेकरीवाली बाई माझं जाकीट धरून…”

ते सांगत होते. हात हवेत अस्वल काढत होते. मी पाहत होतो तो त्यांचे खांदे उतरत होते. पाठ थोडी वाकली. उजवा पाय आपल्या मनाने पुढे सरकला. “…आणि मग ते फोमवर बसलं. काय बसलं, दादा! मी इतक्या लोकांना बसवलं, पण तसं…” इथे ते हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चुळबुळ्यांना बसलेलं पाहिलं. सगळ्या वजनासकट, जरासे उजवीकडे कललेले.

मागून खडूचा एक बारीकसा आवाज आला.

“उठ,” दादा म्हणाले. “झालं.”

चुळबुळ्यांनी खाली वळून ती रेघ पाहिली. रेघ जरा थरथरलेली होती. ते तिच्याकडे बघतच राहिले. दादांनी कात्री त्यांच्या हातात दिली. “मी कापीन तर वाकडं होईल. तू काप. शिवायचं तुझंच आहे.”

“सुई?” मी मुद्दामच विचारलं.

चुळबुळ्यांनी माझ्याकडे न बघता उजवा बूट काढला आणि मोज्यातून वाकडी सुई बाहेर काढली. धडधाकट. दादांनी ती पाहिली आणि आत हाक मारून वहिनींना चहात साखर कमी घालायला सांगितलं.

दुपार टळेपर्यंत दोघं मेजाच्या दोन बाजूंना होते. बोलणं थोडं, भांडण भरपूर: टाका लांब झाला, कातडं कमी ताणलं, तू नेहमीच असा. कॅप्टन तीनदा येऊन घड्याळ दाखवून गेले आणि तिसऱ्या वेळी तेही चहाला थांबले. शटर अर्धं खाली होतं ते कधीतरी कोणीतरी पुरतं वर केलं होतं.

निघताना चुळबुळे गाडीवर बसले ते मावळतीपर्यंत उठले नाहीत. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. पाठ हलत नव्हती. पुढच्या मुक्कामाला ताईंनी त्यांना विचारलं, मूळव्याधीचं औषध बदललंत का. आणि त्याच मुक्कामावर आमचा एक फोटो निघाला, ज्यात धूर नाही.

त्या रात्री जेवून झाल्यावर मी त्यांना एकटं गाठलं. ते खुर्चीत होते.

“खरं सांगा, चुळबुळे. सुई तुमच्याकडे, दोरा तुमच्याकडे, इतकी वर्षं लोकांच्या गाद्या तुम्ही करता. स्वतःची एक धड का नाही केलीत?”

“स्वतःच्या बुडाचं माप स्वतःला घेता येत नाही, मधुकरराव.”